दुकानांचे फोटो काढून घर चालतं का?

मागच्या अंकात मी छोट्या उद्योगांसाठी फोटो काढण्याच्या माझ्या धंद्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. नावं मुद्दाम गाळली आहेत. काहींनी पत्रात आपल्या गिऱ्हाइकांबद्दल मोकळेपणानं लिहिलंय, आणि आपली गावं लहान आहेत.

जयसिंगपूरहून एक वाचक: ताई, माझं वय सव्वीस. चार वर्षं लग्नाच्या ऑर्डरी करतोय, बहुतेक दुसऱ्यांच्या हाताखाली. जुना कॅमेरा, ५० एमएमची लेन्स आणि एक फ्लॅश एवढं सामान आहे. मला दुकानं, कारखाने, छोटे ब्रँड यांचंच काम करायचंय आणि त्यावरच जगायचंय. घरचे म्हणतात, इथं कोण देणार तुला असलं काम? पुण्याला जाऊ का?

नको जाऊस. निदान या कारणासाठी तरी नको. पुण्यात तुझ्यापेक्षा भारी कॅमेरे घेऊन बसलेले ढीगभर आहेत, आणि तिथलं भाडंच तुझी पहिली दोन वर्षं खाऊन टाकेल.

तू बसलायस तिथून गाडीवर तास-दीड तासात काय काय येतं ते वहीत लिहून काढ. इचलकरंजीचं कापड. हुपरीची चांदी. सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा. मिरजेतली सतार-तंबोरे करणारी घरं. शिरोलीच्या फौंड्र्या, म्हणजे धातू वितळवून सुटे भाग ओतणारे कारखाने. कोल्हापूरचा गूळ आणि चपला. शिवाय तुझ्याच गावातली बेकरी, डेंटिस्ट, शेती अवजारांचं दुकान आणि घरून मसाले विकणाऱ्या चार बायका. एवढा माल एवढ्या थोड्या जागेत फार ठिकाणी सापडत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण या मालाचे विक्रीसाठी वापरता येतील असे धड फोटो किती जणांकडे आहेत ते एकदा ऑनलाइन बघ. अर्ध्या ठिकाणी मोबाइलवर, ट्यूबलाइटखाली, वर्तमानपत्रावर ठेवून काढलेत.

पण यातलं प्रत्येक जण तुझं गिऱ्हाईक नाही. ज्याचा माल सतत बदलतो त्याच्या दारात आधी जा. डेंटिस्ट एकदा फोटो काढून घेईल आणि पाच वर्षं तोंड दाखवणार नाही. हुपरीच्या चांदीवाल्याकडे मात्र सारखी नवी डिझाइन्स येतात आणि त्याला ती मुंबईच्या, हैदराबादच्या व्यापाऱ्याला त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवायची असतात. कुर्ते विकणारीचंही तसंच, केकवालीचंही. फौंड्रीवाला वर्षातून एकदा बोलवतो, पण त्याचं बिल मोठं असतं आणि तो भाव फार करत नाही. तुझं घर चालणार आहे ते परत परत येणाऱ्या कामावर. एकदाच येणारी कामं घ्यायची, नाही म्हणायचं नाही, पण त्यांच्या भरवशावर हप्ते लावायचे नाहीत.

आता एक लाइन निवड आणि तिच्यात खोल शीर. मी चांदीपासून सुरुवात केली, म्हणून तिच्याबद्दलच सांगते. पॉलिश केलेली चांदी समोरचं सगळं दाखवते: छत, पंखा, तुझा शर्ट, लेन्सचा काळा गोल. नवखा माणूस जास्त लाइट मारतो आणि पैंजण आणखीच भडक, सपाट दिसतं. चांदीला लाइट लावायचा नसतो, तिच्यात काय दिसावं ते लावायचं असतं. माल चारही बाजूंनी बटर पेपरनं किंवा दुधी अॅक्रिलिकनं वेढायचा, उजेड बाहेरून त्या कागदावर पाडायचा, आणि मग काळ्या कार्डशीटच्या बारीक पट्ट्या आत अशा उभ्या करायच्या की घुंगराच्या कडेला एक गडद रेघ उमटेल. ती रेघ आली की पैंजणाला गोलाई येते. कॅमेऱ्यासमोर काळा पुठ्ठा, त्याला लेन्सपुरतं भोक. लेन्सचं छिद्र एफ-८ ते एफ-११ इतकं बारीक, ट्रायपॉड, सुती हातमोजे आणि धूळ उडवायचा रबरी फुगा. तुझ्याकडचा एक फ्लॅश याला पुरतो. अगदी जवळून बारकावे टिपणारी मॅक्रो लेन्स मात्र कधी ना कधी लागेल; सुरुवातीला भाड्यानं आण.

फोटोपेक्षा महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. चांदीवाला माल तुझ्या ताब्यात देणार नाही, आणि का द्यावा? तू त्याच्या पेढीवर जायचंस. माल वजन करून घ्यायचा आणि काम झाल्यावर त्याच्यासमोर वजन करून परत द्यायचा, दोन्ही वजनं वहीत, खाली दोघांच्या सह्या. ही पद्धत तू स्वतःहून सुचवलीस की त्याचा चेहरा बघ. हुपरीत मला पुढची घरं मिळाली ती या वहीमुळे.

हळद आणि बेदाणा ही दुसरी शाळा. तिथं रंग म्हणजे भाव. बेदाण्याचा हिरवा, पिवळा, काळपट यावर दर ठरतो, आणि तू एडिटिंगमध्ये जरा हिरवटपणा वाढवलास की व्यापाऱ्याला पलीकडून फोन येतो, ‘दाखवलं एक आणि पाठवलं एक’. म्हणून स्वस्तातले एलईडी वापरायचे नाहीत. त्यांच्या उजेडात हळद आजारी दिसते. सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९५ च्या पुढचा लाइट किंवा सरळ फ्लॅश, रंग जुळवायला पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड, आणि मॉनिटर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे रंग खरे दाखवेल असा लावलेला. व्यापाऱ्याला यातला एकही शब्द कळत नाही, पण त्याच्याकडे माल परत आला नाही की त्याला सगळं कळतं.

दारात जाताना ‘मी प्रॉडक्ट फोटोग्राफी करतो’ असं म्हणू नकोस. त्याच्या अडचणीतून सुरुवात कर. ॲमेझॉनवर माल टाकणाऱ्याला विचार, ‘तुमचा मुख्य फोटो नाकारला जातो का?’ तिथं मुख्य फोटोला शुद्ध पांढरी पार्श्वभूमी लागते, आरजीबीत, म्हणजे लाल-हिरवा-निळा या मापात, तिन्ही आकडे २५५. मालानं चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापायला हवा, आणि झूम चालायला लांब बाजू किमान १००० पिक्सेल. हे नियम तुला तोंडपाठ असले तर तू त्याच्यासाठी फोटोवाला राहत नाहीस, काम सोडवणारा माणूस होतोस. सोबत त्याच्याच मालाचा एखादा नमुना फोटो काढून दाखव. एकच. पूर्ण सेट फुकट काढून देणारा पोरगा सगळ्यांना आवडतो आणि त्याला कोणी पैसे देत नाही.

वर्षाचा तक्ताही आताच मांड. जानेवारी ते मार्च हळद, उन्हाळ्याच्या तोंडावर बेदाणा, ऑगस्ट-सप्टेंबरला दिवाळीचे कॅटलॉग, ऑक्टोबरला कॅलेंडरं आणि गुऱ्हाळं, डिसेंबरच्या कृषी प्रदर्शनांआधी अवजारवाले. मधल्या भेगा तुला दिसतील. जून-जुलै तर जवळजवळ कोरडाच जातो. त्या भेगा भरायला दोन-चार मासिक करार हवेत: एखादी बेकरी, एखादं मिसळीचं हॉटेल, एखादं कपड्यांचं दुकान. महिन्यातून अर्धा दिवस जायचं, ठरलेले पंधरा-वीस फोटो द्यायचे, ठरलेली रक्कम पाच तारखेला घ्यायची. रक्कम लहान असते, पण जुलैत तीच कामी येते.

आणि लग्नं एकदम सोडू नकोस. आपल्या धंद्यात ‘आता मी लग्नं करत नाही’ असं मिरवायची एक फॅशन आहे. मी स्वतः लग्नसराईतल्या ऑर्डरी कितीतरी वर्षं घेत होते आणि त्याच पैशांवर हुपरीच्या खेपा केल्या. सलग एक पूर्ण वर्ष, जून-जुलै धरून, दुकानांच्या कामातून तुझा खर्च निघाला आणि बँकेत सहा महिन्यांचं घर चालेल एवढी रक्कम पडली, की मग सोड. त्याआधी घरच्यांशी भांडण काढण्यात अर्थ नाही. त्यांना आकडे दाखव, स्वप्न नको.

नाशिकहून एक वाचक: रेट कसा ठरवायचा? मी एका फोटोचे ३०० सांगितले तर समोरचा म्हणतो, माझा भाचा आयफोनवर फुकट काढतो. शंभरावर आलो तरी काम जातंच.

भाच्याला काम करू द्या. जो भाच्यावर खूश आहे तो आज तुमचं गिऱ्हाईक नाही, आणि शंभरावर उतरून तो तुमचा होणारही नाही. सहा महिन्यांनी भाच्याची परीक्षा येते, मग फोन येतो. तेव्हा ३०० च सांगायचे.

पण हे ३०० तुम्ही आणले कुठून? बहुतेक जण शेजारच्या स्टुडिओचा रेट ऐकतात आणि त्यातून पन्नास कमी करतात. त्यापेक्षा घरापासून सुरू करा. उदाहरणादाखल: घरखर्च ३०,००० रुपये. गाळ्याचं भाडं, पेट्रोल, वीज, सॉफ्टवेअर, मदतनीस मिळून १५,०००. कॅमेरा, लेन्स, लॅपटॉप कधीतरी बदलावे लागणार, त्यासाठी दरमहा बाजूला ५,०००. विमा आणि बचत ६,०००. झाले ५६,०००. आता महिन्यातले प्रत्यक्ष शूटचे, पैसे मिळणारे दिवस किती? पंचवीस म्हणाल तर स्वतःला फसवताय. एका शूटच्या मागे दीड दिवस एडिटिंग जातं, शिवाय भेटी, कोटेशन, वसुली. आठ दिवस भरले तरी महिना चांगला गेला. ५६,००० भागिले आठ, म्हणजे दिवसाचे ७,००० रुपये. हा तुमचा तळ. याच्या खाली प्रत्येक काम तुम्ही स्वतःच्या खिशातून करताय.

मग मालाप्रमाणे पाहा. चपलांचे एका कोनातले साधे फोटो दिवसात चाळीस होतात, तर एकाचे १७५ पुरतात. चांदीचे पंधराच होतात, तर साडेचारशेच्या वर सांगायलाच हवेत. जेवणाचे बारा पदार्थ झाले तरी खूप. आइस्क्रीम असेल तर त्याहून कमी. म्हणून ‘एका फोटोचे किती?’ या प्रश्नाला एक आकडा नसतोच. माल बघितल्याशिवाय रेट सांगू नका.

दुसरं असं की कोटेशनमध्ये काय नाही तेही लिहा. किती फोटो, किती कोन, किती वेळा दुरुस्ती, कधी देणार, मॉडेल आणि प्रॉप्सचा खर्च कोणाकडे. ‘दोन दुरुस्त्या धरून’ हे दोन-तीन शब्द लिहिले नाहीत की बारावी दुरुस्तीही फुकट करावी लागते, आणि ती नेमकी रात्री साडेदहाला येते.

पिंपरीहून एक वाचक: एका कपड्यांच्या कंपनीचं कॅटलॉग केलं. बिल ८५,०००. पाच महिने झाले, ‘पुढच्या आठवड्यात’ चालू आहे. फोटो त्यांनी केव्हाच वापरले. काय करू?

तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का, हे पत्रात लिहिलेलं नाही. नसेल तर आजच करा. सरकारी संकेतस्थळावर ती पूर्ण मोफत आहे, आधार आणि पॅनवर होते. हजार-दोन हजार मागणारे एजंट भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा.

ही नोंदणी कामाच्या आधीची असली तर तुमच्या हातात २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास कायदा येतो. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेतली आणि लेखी मुदत ठरलेली नसेल, तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. मुदत ठरवली असली तरी ती ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. चुकवलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीनं व्याज. २०२३ च्या अर्थसंकल्पानं आयकर कायद्यात आणखी एक पाचर मारली: अशी रक्कम मुदतीत दिली नाही तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. मालक तुमचा फोन उचलत नसला तरी त्याचा सीए हे वाक्य लक्ष देऊन वाचतो. तेव्हा साध्या, सभ्य भाषेत ईमेल लिहा, सोबत बिल आणि उद्यम प्रमाणपत्र जोडा, आणि ते मालकाला आणि त्यांच्या हिशेब विभागाला दोघांनाही पाठवा. माझा अनुभव असा की बरीच बिलं इथेच सुटतात. नाही सुटलं तर सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. मात्र तिथं गेल्यावर ते गिऱ्हाईक कायमचं गेलं असं धरा. ८५,००० साठी माझ्या मते जायला हरकत नाही.

पुढच्या कामापासून अर्धी रक्कम आधी. उरलेली येईपर्यंत फक्त छोट्या आकाराचे, वॉटरमार्क टाकलेले फोटो पसंतीला पाठवायचे. आणि प्रत्येक कंपनीत अकाउंट बघणारा जो कोणी असतो त्याच्याशी ओळख ठेवा. बिल महिन्याच्या कोणत्या तारखेआधी गेलं म्हणजे त्या महिन्याच्या पेमेंटात बसतं, हे मालकाला माहीत नसतं, या अकाउंटवाल्याला माहीत असतं.

सांगलीहून एक आई: मुलगी कमर्शियल आर्ट शिकली. तिला कारखान्यांत जाऊन फोटो काढायचेत. तुम्ही स्वतः बाई म्हणून या कामात आहात, म्हणून विचारते. एकटीला पाठवू का?

पाठवा. पहिल्या दोन-तीन वेळी सोबत एखादी मैत्रीण मदतनीस म्हणून जाऊ दे. तसाही रिफ्लेक्टर धरायला माणूस लागतोच, त्याचे पैसे कोटेशनमध्ये घालायचे. तुमच्या मनात जी भीती आहे तिचं उत्तर साधं आहे. भेट कारखान्याच्या वेळेत, आधी ईमेलवर ठरलेली, गेटवर नोंद झालेली, आणि काम संपायची वेळ घरी माहीत असलेली. रात्रपाळीत ‘भट्टीचा फोटो छान येतो’ म्हणून कोणी एकटीला बोलावलं तर दोघी जा, नाहीतर दिवसा जा. भट्टी दिवसाही तेवढीच लाल असते.

मला काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टींची, आणि त्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. फौंड्रीत ओढणी नको, फिरत्या लेथ यंत्राजवळ तर अजिबात नको. केस बांधलेले. कपडे जाड सुती. सिंथेटिक कापडावर ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. सेफ्टी बूट स्वतःच्या मापाचे, स्वतःच्या पैशांनी घ्यायचे. कारखान्यातले जास्तीचे बूट पुरुषांच्या मापाचे असतात आणि ढिल्या बुटात माणूस अडखळतो. धातू ओतत असताना ओल्या फरशीच्या आसपास उभं राहायचं नाही. वितळलेलं लोखंड पाण्यावर पडलं तर स्फोट होतो. सुपरवायझर जिथं उभं करेल तिथूनच फोटो, लेन्स लांबची.

आणि तिला हे सांगा: फ्रेममधल्या प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे आहेत का ते क्लिक करण्याआधी बघायचं. परदेशी खरेदीदार फोटोत ओतलेला भाग (कास्टिंग) बघण्याआधी हेल्मेट बघतो. शिवाय बरेचसे सुटे भाग दुसऱ्या कंपन्यांच्या ड्रॉइंगवरून बनलेले असतात, त्यांचे फोटो आपल्या पोर्टफोलिओत टाकायला परवानगी लागते. हे विचारणारी मुलगी फौंड्रीवाल्यांच्या लक्षात राहते. ते एकमेकांना नावं सांगतात. कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत मला कामं अशीच मिळत गेली, जाहिरातीनं नाही.

ठाण्याहून एक वाचक: केक बनवणाऱ्या एका ताईंसाठी मी फोटो काढले होते, पैसे मिळाले. आता तेच फोटो त्यांना खोके पुरवणाऱ्या कंपनीच्या जाहिरातीत दिसतात. माझ्या फोटोंवर माझा हक्क नाही का?

बहुधा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ असं सांगतं की फोटो पैसे घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेला असेल, तर वेगळा करार नसताना कॉपीराइटचा पहिला मालक तो काढून घेणारा. म्हणजे इथे केकवाल्या ताई. तक्रार करायची तर ती त्यांनी करायची. त्यांना विचारा, कदाचित त्यांनीच खोकेवाल्यांना फोटो दिले असतील, आणि तो त्यांचा हक्क आहे.

इंटरनेटवर परदेशी फोटोग्राफरांचे सल्ले वाचून आपले पुष्कळ जण ‘क्लिक केलं तो मालक’ असं धरून चालतात. आपल्याकडे करार लिहावा लागतो. कोटेशनच्या खाली दोन ओळी पुरतात: फोटोंचा कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील, ग्राहकाला ते स्वतःच्या धंद्यासाठी अमुक ठिकाणी अमुक काळ वापरता येतील, तिसऱ्याला द्यायचे तर वेगळी परवानगी. खाली ग्राहकाची सही. छोट्या दुकानदाराकडून मी हे सगळं मागत नाही, तो बिचकतो. त्याच्याकडून फक्त माझ्या पोर्टफोलिओत फोटो दाखवायची लेखी परवानगी घेते. होर्डिंग, पॅकेजिंग, टीव्ही असं काही असेल तेव्हा मात्र पूर्ण करार, आणि त्याचे वेगळे पैसे.

छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक: एआय एका मिनिटात प्रॉडक्टचे फोटो बनवून देतं. या धंद्यात आता शिरणं म्हणजे बुडत्या बोटीत बसणं नाही का?

काही कामं गेलीच. मोबाइलवर काढलेल्या मगाच्या मागे संगमरवरी ओटा आणि खिडकीतलं ऊन घालून देणं, याचे पूर्वी पैसे मिळायचे, आता फारसे मिळत नाहीत. मीही पार्श्वभूमी साफ करायला ती साधनं वापरते आणि तेवढा वेळ वाचतो.

पण तुमच्या शहराचंच उदाहरण घ्या. पैठणी विकणाऱ्या बाईला त्या एका साडीचा पदर दाखवायचा असतो. मोराच्या मानेत किती रंग आहेत, जरीचा धागा कुठे कसा वळला आहे, उलट्या बाजूनं विणकाम कसं दिसतं. यंत्रानं त्यात एक मोर जास्तीचा घातला तर ती साडी अस्तित्वातच नाही, आणि गिऱ्हाईक ती परत पाठवतं. चपलांचंही तेच. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि इथं गदारोळ झाला. त्यानंतर आमच्याकडचे चपलावाले अचानक विचारायला लागले की हातशिलाई दिसेल, वेणी दिसेल, कारागिराचा हात दिसेल असे फोटो काढून दे. ‘हे खरं आहे’ हेच ज्याला विकायचंय, त्याला बनवलेला फोटो चालत नाही. असा माल ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे जा. प्लास्टिकच्या डब्यांचं काम एआयला घेऊ दे.

लातूरहून एक वाचक: सुरुवातीला कोणता कॅमेरा घ्यावा? बजेट दीड लाख.

हातात आहे तो. दीड लाखातले चाळीस-पन्नास हजार लाइट, स्टँड, भक्कम ट्रायपॉड आणि मॉनिटरवर घाला, बाकीचे पैसे बँकेत ठेवा. कॅमेऱ्यासाठी मुद्रा कर्ज काढायचा विचार असेल तर आधी तीन गिऱ्हाइकं दोनदा येऊ देत, मग काढा.

गडहिंग्लजहून एक वाचक: निपाणी आणि बेळगावची कामं येतायत. दुसरं राज्य म्हणून लगेच जीएसटी नंबर घ्यावा लागेल, असं एकानं सांगितलं. वर्षाची उलाढाल आठ-नऊ लाख आहे.

लागणार नाही. सेवा देणाऱ्याला आपल्याकडे वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्यावर नोंदणी सक्तीची होते, आणि फक्त सेवा परराज्यात दिली म्हणून ही मर्यादा हातची जात नाही. परराज्यात वस्तू विकण्याचा नियम वेगळा आहे, त्यावरून हा गोंधळ होतो. तेव्हा अल्बम, फ्रेम असलं काही छापून तिकडं विकत असाल तर सीएला विचारून घ्या.

स्वतःहून नंबर घ्यायचा का, हा वेगळा प्रश्न. तुमची गिऱ्हाइकं नियमित जीएसटी भरणारे कारखाने असतील तर तुम्ही लावलेले १८ टक्के त्यांना परत वळते करून मिळतात, त्यांना फरक पडत नाही, उलट काही मोठ्या कंपन्या नंबर नसला तर कामच देत नाहीत. पण गिऱ्हाइकं बेकरीवाले, ब्युटी पार्लर, घरगुती मसालेवाल्या असतील तर ते १८ टक्के त्यांच्या खिशातून जातात, म्हणजे तुम्ही तेवढे महाग झालात. तुमच्या पत्रावरून तुमचं बरंचसं काम दुसऱ्या प्रकारचं दिसतं. थांबा.

आणि त्या बाजूला जाताच आहात तर अथणीपर्यंत जाऊन या. कोल्हापुरी चपलेच्या मानांकनात आपल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, विजापूर आणि बागलकोट हे चारही आहेत, आणि अथणीत चपला करणारी पुष्कळ घरं आहेत. मराठी चालतं. सकाळी लवकर जा, कारागीर दाराशी उजेडात बसलेले असतात.